मागावरची सुतं

आमच्या गावात एके काळी घरटी माग होता. इंदापूरच्या बाजारात बायका गावाचं नाव घेऊन लुगडं मागायच्या. पदराला बोट लावून ते कुणाच्या मागावरचं हे सांगणारी एक म्हातारी होती. विडी न विझू देता एका हातानं तुटलेला धागा जोडणारा एक विणकर होता. आता चौफेर ऊस आहे आणि पोरं भवानीनगरला नाहीतर बारामतीला कामाला जातात. माग उरला होता एकच, माझ्या चुलत्यांचा, तात्यांचा.

तात्या वर्षातून एकच लुगडं विणत, देवीचं. घटस्थापनेला देवीला गावातच विणलेलं लुगडं नेसवायचं, असा रिवाज. गेल्या वर्षी पितृपंधरवड्यात मी बारामतीहून त्यांचं घर धुवायला गेले. एकटा माणूस, सगळीकडे जळमटं. तात्या पारावर गेले होते. मागावर हातभर मळकी, कुरतडलेली सुतं लोंबत होती. मी ती कात्रीनं कापली, ती ज्या फणीच्या दातांतून आली होती ती फणी सोड्याच्या पाण्यात घासून उन्हात ठेवली. विणकराची लेक असून मला ठाऊक ते एवढंच, की मुलींनी सुताच्या कांड्या भरायच्या, मागावर बसायचं नाही.

तात्या आले. फणीवरून हात फिरवला.

"सुतं कुठं हायेत?"

"कचऱ्यात. किती घाण झाली होती, तात्या."

"घाण न्हाय, बाय. मागच्या लुगड्याची टोकं ती. नव्या ताण्याचा एकेक धागा त्यास्नी गाठायचा, मग त्यो फणीतनं वढून येतो."

"मग नव्यानं ओवू. मी ओवते की."

"तू? सुईत दोरा ववाया शेजारणीला हाक मारतीस."

गाठी तात्या बोटांनी चाचपून मारत. फणीतून ओवायला मात्र नजर लागते, आणि ती डोळ्यांच्या दोन ऑपरेशनांनंतरही त्यांना आली नव्हती. धागे हजारावर. चार दिवस ते एकेक धागा हातात देत गेले, मी ओवत गेले. पाचव्या दिवशी ताणून पाहिलं तर क्रम चुकलेला. निम्मा ताणा अडकून तुटला. ओवणारं दुसरं कुणी गावात जिवंत नव्हतं.

लुगडं मी बारामतीच्या दुकानातून आणलं. पुजाऱ्यानं देवीला नेसवलं. कुणी काही विचारलं नाही. तात्यांनी पदराला बोट लावलं.

"गुळगुळीत हाय," एवढंच म्हणाले.

दसऱ्यानंतर त्यांनी मागाखालचा खड्डा बुजवायला सांगितला. विणणारा त्याच्या काठावर बसून आत पाय सोडतो.

"कुणी पडंल त्यात," म्हणाले.

मी मुरूम मागवला, ठोकून घेतला, वर फरशी बसवली. काम चांगलं झालं.

सकाळी चहा घेऊन तात्या अजून तिथंच टेकतात. पाय सोडायला जागा नाही, म्हणून मांडी घालतात.