पदराआडचं बोलणं

लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला आले, तेव्हा सासऱ्यांना गिरणीतून निवृत्त होऊन वर्षच झालं होतं. तीसेक वर्षं त्यांनी साचेखात्यात माग चालवले होते. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. सासऱ्यांसमोर आणि थोरल्या दिरासमोर सुनेने पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, ही त्या घरची रीत. मी ती पाळत होते.

आबा माझ्याशी बोलत नसत. जेवायला वाढलंय म्हणून सांगितलं तर जागचे हलत नसत. पाणी हवं का विचारलं तर मान डोलवत, आणि पाणी नेलं की नवलाने बघत. मला वाटायचं, मी त्यांना पसंत नाही. नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "त्यांचा स्वभावच तसा आहे." सासूबाईंचंही तेच म्हणणं.

दुसऱ्या वर्षी एका दुपारी कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार दारात आला. गल्लीत फोन त्याच्याकडेच होता. आबांची पहूरची बहीण गेली होती. नवरा कामावर, सासूबाई दळण आणायला गेलेल्या. सांगणारी मी एकटीच.

आबा ओसरीत बसले होते. मी पदराआडून म्हणाले, "आबा, पहूरच्या आत्या गेल्या."

"ठेव," ते म्हणाले. "अर्धाच कप चहा ठेव."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. चहा ठेवायला न जाता तिथेच उभी राहिले. काहीतरी वेगळं आहे हे त्यांना कळलं असावं. ते उठून माझ्यासमोर आले.

"बेटा, पदर मांगे ले. माले ऐकू येस नही. तोंड देखीसन समजस."

मी पदर मागे सारला. तिसऱ्यांदा तेच सांगितलं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि भिंतीला धरून खाली बसले.

बहिणीचे दिवस करून ते परतले, त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. मागांच्या खडखडाटात कान केव्हाच गेले होते. तिथे सगळेच एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत, त्यामुळे अडलं नाही. कामावरून काढतील या भीतीने घरीही बोलले नाहीत, आणि नंतर ते तसंच राहून गेलं. "आतेपासून सूननी तोंड झाकानं नही," ते म्हणाले.

"लोके काय म्हनतीन?" सासूबाई कडाडल्या.

"म्हनू दे. माले कोठे ऐकू येस?"

सासूबाई पुढे महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्यांना पदरापेक्षा दुसरंच लागलं होतं, हे मला उशिरा उमगलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने ही गोष्ट आपल्याला सांगितली नव्हती, आणि ती आधी सुनेला कळली.

आबा मात्र बोलके झाले. ते अंगणात आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, असं आमचं आवाज न करता बोलणं चाले. भाजीत मीठ कमी पडलं तरी ते नुसत्या ओठांनी सांगत. एकोणीसशे नव्वदनंतर दोन-तीन वर्षांनी ते गेले. आजारपण चार दिवसांचंच.

धाकटी जाऊ त्यानंतर घरात आली. पहिल्याच सकाळी माझा नवरा समोर आला म्हणून तिने पदर ओढायला हात वर नेला. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "राहू दे. आमना घरमा तशी रीत नही शे."