क्विनोआचं वाण

साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी मला घाबरवलं नव्हतं. "काठावर आहे, सांभाळा," एवढंच ते म्हणाले. घाबरण्याचं काम मी स्वतः अंगावर घेतलं. मला कशाचंही अपराधी वाटू शकतं. भाजीवाल्याने कढीपत्ता फुकट दिला तरी वाटतं, नाही दिला तर मागितल्याचं वाटतं. त्यामुळे साखरेसारखं खरंखुरं कारण हाती आल्यावर मी अगदी खुलून आलो. घरातून मैदा गेला, बिस्किटं गेली. बायको स्वतःच्या चहात साखर घालायची तेव्हा तिच्याकडे न बघता सुस्कारा कसा टाकायचा, हेही मला जमायला लागलं.

क्विनोआ नावाचं परदेशी धान्य आमच्या पनवेलच्या फ्लॅटमध्ये आलं ते असं, प्रायश्चित्त म्हणून. सोसायटीत सकाळी चालणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. चालणं अर्धा तास आणि त्यावरची चर्चा मोबाइलवर दिवसभर. तिथे कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. न भाजता, न तळता, गॅससुद्धा न पेटवता करायचे पौष्टिक लाडू. त्यातली बाई त्यांना 'बाइट्स' म्हणत होती. तिने हसतहसत शिजवलेल्या क्विनोआची वाटी पुढे ओढली. तो गॅस न पेटवता शिजला कुठे, हे काही तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. श्रद्धा अशीच असते.

तेवढ्यात अधिक महिना लागला. या महिन्यात लेक आणि जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. सासरी पाटावर बसायचं, आणि सासूने दिव्यासकट तेहतीस अनारशांचं वाण हातात द्यायचं. तीन वर्षांतून एकदा मी देव होतो, आणि नेमका त्याच वर्षी माझी साखर काठावर होती.

जासईहून सासूबाईंचा फोन आला. "जावयबापू, रविवारी दोगं या. वाण द्यायचं हाय."

"आई, मला अनारसे चालत नाहीत आता. तांदूळ, त्यात गूळ, वरून तुपात तळलेले. पापच ते."

"पाप? अवो, अधिकाचं वाण हाय ते. त्याचं कसलं पाप?"

"तुम्ही काहीच करू नका. तेहतीस लाडू मीच करून आणतो, एकदम पौष्टिक. तुम्ही फक्त हातात द्या."

पलीकडे कशावर तरी झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "बरं. तुमच्या तब्येतीपरीस मोठं काय नाय."

मी फोन ठेवला तो समाधानाने. एका म्हाताऱ्या बाईचे कष्ट वाचवले होते. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे देणारी आई, घेणारे तुम्ही, आणि करणारेही तुम्हीच?"

"त्यांचे कष्ट वाचले ना."

"अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवतात. तिने आधीच घातले होते का, विचारलंत?"

मी विचारलं नव्हतं. त्याचं मला लगेच वाईट वाटलं, पण वाईट वाटून घेणं आणि पुन्हा फोन करणं या माझ्यालेखी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मला चांगली जमते.

शनिवारी मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. क्विनोआ तसाच कुकरला लावला. तो आधी खूप धुवायचा असतो, नाहीतर कडू लागतो, हे कुकर उघडल्यावर कळलं. तोंडात साबण गेल्यासारखी चव होती. एवढं महाग धान्य टाकून द्यायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून कडूपणा मारायला खजूर घातला. मग आणखी खजूर. शेंगदाण्याचं लोणी, भाजलेल्या जवसाची पूड, कोको. मिश्रण हाताला चिकटायला लागलं तेव्हा बायको डोकावली.

"किती खजूर घातलात?"

"अर्धा किलो. नैसर्गिक साखर आहे ती."

"मग गूळ काय फॅक्टरीत उगवतो?" तिने चिमूटभर मिश्रण चाखलं. "औषधासारखं लागतंय. म्हणजे तुम्हाला आवडेल."

मी लाडू वळत बसलो. एकतिसाव्याला मिश्रण संपलं. मग मोठ्या लाडवांमधून थोडं थोडं काढून आणखी दोन केले. वाणात फसवणूक झाली का, या विचाराने झोपेपर्यंत बेचैन होतो.

सकाळपर्यंत लाडू फ्रिजमध्ये घट्ट झाले, पण बाहेर काढले की दहा मिनिटांत घाम आल्यासारखे मऊ पडत. मासळी आणायचा आमचा बर्फाचा डबा आहे, त्यातून नेऊ, असं मी सुचवलं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. शेवटी गाडीत एसी वाढवला आणि डबा मांडीवर धरून ती बसली. जासईच्या अलीकडे ट्रेलरची रांग लागली होती. त्या रांगेत मी तिला फायबरबद्दल बरंच काही सांगितलं. ती खिडकीतून कंटेनरांवरची नावं वाचत होती.

सासऱ्यांची जमीन गेली, मिठागर गेलं, त्या जागी बंदराची कंटेनर यार्डं झाली. कौलारू घराच्या जागी आता तीन मजली बंगला आहे आणि फाटकावर दोन सिमेंटचे सिंह. मेहुणा यार्डांना ट्रेलर पुरवतो. तो सिंहांपाशीच भेटला.

"दाजी, मी तर हॉल बुक करनार होतो. तुमचा बॅनर पन छापनार होतो, गॉगल लावलेला फोटो. आई नाय बोलली. घरातच करायचं, माज्या हातानं."

"मी त्यांना सांगितलं होतं, काही करू नका म्हणून."

तो थांबला. बहिणीकडे बघून हळू बोलला, "ताई, तुला पन नाय सांगितलं ना तिनं? दिवाळीपासून तिचा उजवा हात थरथरतो. औषधं चालू हायत. संक्रांतीपासून रोज कनकेचा गोळा घेऊन थापत बसते. पुडच्या अधिकाला हात राहील का नाय म्हाईत नाय, म्हनते, ह्या अधिकाला लेकजावयाला माज्या हातचे अनारसे देनार. मंग फोनवर तुमी नको बोललात, दाजी."

 डबा माझ्या हातात देऊन बायको आत गेली.

ओट्यापाशी सासूबाईंनी डबा उघडला आणि बराच वेळ आत बघितलं. उजवा हात त्यांनी पदराखाली ठेवला होता.

"जावयबापू, याला जाळी कुटं हाय?"

मला आठवलं. अधिकाच्या वाणाला जाळीदार वस्तू लागते. अनारसे, नाहीतर बत्तासे. माझे लाडू क्रिकेटच्या चेंडूसारखे भरीव होते. पौष्टिकतेत त्यांना तोड नव्हती, पण पुण्य आत शिरायला जागा नव्हती.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"काय करनार. पाडू जाळी."

मिठाच्या गोणी शिवायचं जुनं दाभण त्यांनी फळीवरून काढलं, धुतलं, पुसलं. एकेक लाडू डाव्या हातात धरून थरथरत्या उजव्या हाताने त्या त्याला भोकं पाडू लागल्या. पहिल्याला चार पडली. दुसरा फुटला. मी तो गोळा पुन्हा वळून दिला. सासरे पाणी प्यायला आत आले, फुटलेल्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि थांबले.

"ही पेंड कंच्या गुरांची?"

"जावयांनी केलेत," सासूबाई म्हणाल्या.

"चांगली हाय," सासरे म्हणाले आणि पाणी न पिताच बाहेर गेले.

ते दाभण, तो हात, ते लाडू. मला बघवेना. मी म्हणालो, "आई, राहू द्या. अनारसेच करा. पीठ आहे ना? मी खातो. हवे तितके खातो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की?"

"नक्की. मला तेच हवेत."

पीठ फ्रिजमध्ये होतं. त्यांनी ते टाकलेलं नव्हतं. कढईत तूप तापायला ठेवलं, पोळपाटावर खसखस पसरली. आता मला जो उत्साह आला त्याला तोड नाही. मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. सासूबाईंना धीर यावा, हा माझा हेतू. मेहुण्याने मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

पहिला अनारसा तुपात पडला आणि हसला. म्हणजे विरघळून त्याचा चुरा कढईभर पसरला. अनारसा हसला की करणारी रडकुंडीला येते. दुसरा थापतानाच हात घसरला आणि तो एका बाजूने जाड, एका बाजूने पापडासारखा झाला. तोही हसला. बायको म्हणाली, "आई, मी थापते." "नको," त्या म्हणाल्या. तिसरा सोडताना तुपाचे थेंब मनगटावर उडाले. तिसराही गेला.

त्यांनी गॅस बंद केला.  बोललो अर्थातच मी.

"आई, सगळं माझंच चुकलं. आधी मी नको म्हणालो, तुमचा हिरमोड केला, मग आता पुन्हा करायला लावलं. मला फार वाईट वाटतंय. म्हणजे काल रात्रीपासूनच..."

"जावयबापू, जरा थांबा." त्या मनगट पाण्याखाली धरून बोलत होत्या. "तवा नको म्हनलात ते तुमच्या साखरेपायी. आता करा म्हनता ते तुमच्या जिवाला बरं वाटाया. याच्यात मी कुटं हाय?"

 इतक्या वर्षांच्या सरावानंतर माफीची दुसरी एखादी रीत मला सुचायला हवी होती. सुचली नाही.

"तुम्हाला काय हवंय, आई?" मी विचारलं.

"मला माज्या हातानं वाण द्यायचं हाय. तुमी ते गप बसून घ्यायचं हाय. बास." मग मुलाकडे वळून, "ए, तो कॅमेरा बंद कर रं. सगळे भाईर व्हा. पोरी, तू थांब."

दार लागलं. आम्ही तिघे पुरुष बाहेर सोफ्यावर बसलो. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला, मग तुपाचा. मग बायकोचं हसणं, आणि त्यावर सासूबाईंची शिवी, माझ्यासमोर त्या कधीच देत नाहीत तसली. मध्येच काहीतरी खाली पडलं. मी उठलो. सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला पुन्हा बसवलं.

दार उघडलं तेव्हा तांब्याचं ताम्हण तयार होतं. खाली माझे भोकं पाडलेले लाडू, आणि वर अनारसे. काही वाकडे, एक पार काळा, पण बाकीचे अख्खे आणि जाळी पडलेले. थापले कुणी, मायने की लेकीने, ते मी विचारलं नाही. मोजलेही नाहीत.

आम्ही पाटावर बसलो. सासूबाईंनी कुंकू लावलं ते अर्धं माझ्या भुवईवर गेलं. दोन्ही हातांनी ताम्हण उचलून त्या पुढे आल्या. दिवा हलत होता, अनारसे एकमेकांवर आपटत होते. खालून आधार द्यायला माझे हात आपोआप वर जाऊ लागले. बायकोने कोपर मारलं. मी हात मांडीवरच पसरून ठेवले आणि ताम्हण माझ्यापर्यंत पोचेपर्यंत वाट पाहिली. त्यांना वेळ लागला. ते त्यांनीच माझ्या हातात ठेवलं.

"खा एक," त्या समोर बसत म्हणाल्या.

मी खाल्ला. "उत्तम झालाय, आई."

"खोटं बोलू नका. तूप कमी तापलं होतं. दुसरा घ्या, तो बरा हाय."

मी दुसरा घेतला.