चुन्याचा पट्टा

बागेच्या फाटकाशी आली की ती आधी खाली बसे. नुसती बसत नसे. उजवा तळवा जमिनीवर टेकवी, मान तिरपी करी आणि गाल मातीला लागेल इतकी वाकून झाडांच्या बुंध्यांमधून पलीकडे पाही. तीनचार श्वास तशीच राही. मग उठे, पदराला हात पुशी आणि फाटकाची कडी काढी.

पहिल्यांदा मी हे पाहिले तेव्हा माझे मन भरून आले. देवळाच्या मागच्या अंगाला, कोणाचे लक्ष नाही अशा जागी, देवाला इतक्या नम्रतेने वंदन करणारे माणूस मी फार दिवसांनी पाहत होतो. मी पुढे होऊन म्हणालो, "बाई, भाव असावा तर असा."

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. "भाव कायचा, गुरुजी? नमस्कार नाई जी. पट्टा पाहून राह्यली."

तिच्या घरी बुद्धवंदना होती. देवळाची पायरी ती कधी चढली नाही आणि मीही तो विषय कधी काढला नाही. एकदा तिनेच हसत वाटणी करून टाकली होती, "तुमच्या देवाचं तुमी पाहा, त्याच्या झाडाचं मी पाहीन."

आमचे गाव चामोर्शीच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भातखाचरांनी, वेढलेले आहे. बांध्या संपतात तिथे जंगल सुरू होते, आणि जंगलाला आपण कुठे संपावे हे नेहमीच कळते असे नाही. वाघ सहसा गावात येत नाही. बिबट मात्र कुत्र्यासाठी, बकरीसाठी येतो आणि दिवस उगवण्याआधी परत जातो. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा देवस्थानच्या मंडळींनी मागची बाग माझ्या हवाली केली. बकुळ, सोनचाफा, बेल, पारिजातक ही उंच झाडे तिथे जुनी होती. त्यांच्याखालची जमीन मात्र उघडी पडली होती. दर पावसाळ्यात माती वाहून जाई आणि बकुळीची मुळे म्हाताऱ्या हातावरच्या शिरांसारखी वर येत.

बागेच्या कामाला ती आली ती सरकारी रोपवाटिकेत अनेक वर्षे राबून. बाग एकदा फिरून पाहिली आणि म्हणाली, "वरचं घर भरलं हाय गुरुजी, खालचं रिकामं हाय. झाडाचे पाय उघडे नाई ठेवत."

"खाली काही लावले तर जनावर बसायला जागा होईल," मी शंका काढली.

"नाई लावलं तं रायमुनिया लावते आपलं आपण." ज्या झुडपाला इतरत्र घाणेरी म्हणतात त्याला आमच्याकडे रायमुनिया म्हणतात, मोकळी जागा मिळाली की ते दोन पावसाळ्यांत माणसाएवढे होते. "मंग तिच्यात बिबट बसो का हत्ती बसो, दिसते का? त्यापरीस आपली बुटकी झाडं बरी. वरून गुडघाभर, खालून वीतभर."

हा तिचा सगळा शास्त्रार्थ होता. बकुळीच्या दाट सावलीत तिने अबोली लावली. चाफ्याच्या आणि बेलाच्या विरळ सावलीत पांढरी कोरांटी लावली. कोणतेही झुडूप गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि त्याची खालची वीतभर पाने खुडून टाकायची, म्हणजे नुसत्या काड्या उभ्या राहतात आणि त्यांच्यामधून आरपार दिसते. पलीकडच्या भिंतीच्या पायथ्याशी तिने हातभर उंचीचा चुन्याचा पट्टा ओढून घेतला होता. फाटकाशी वाकून पाहिले की बुंध्यांच्या मागे तो पांढरा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसे. मधेच कुठे तो काळा पडला, तर तिथे कोणीतरी बसले आहे असे समजायचे.

"पट्टा तुटला तं समजा," ती सांगे, "एक तं मी, नाई तं तो."

मी स्नान आटोपून बागेत येई तोवर ती भिंतीजवळ काम करत असे. वाकून पाहण्याची सवय मला नव्हती. पण पायरीवर बसलो की झुडपांच्या खालून तिच्या निळ्या रबरी चपला दिसत. पांढऱ्या पट्ट्यासमोर दोन निळे ठिपके. ते दिसले की मी निःशंकपणे परडी उचली.

आता माझ्या चुकीचे सांगतो.

त्या वर्षी मी शंकराला पांढऱ्या कोरांटीची लाखोली वाहण्याचा संकल्प केला. लाखोली म्हणजे लाख फुले. कार्तिकात आरंभ आणि महाशिवरात्रीला समाप्ती. फुले पहाटे, स्नानानंतर, स्वतःच्या हाताने खुडायची आणि देवाला वाहीपर्यंत मौन पाळायचे, असा माझा नियम होता. इतकी फुले हवीत तर झुडपेही भरलेली हवीत, म्हणून श्रावणातली छाटणी मी थांबवली.

ती कात्री हातात धरून उभी राहिली. "गुरुजी, आता नाई कापलं तं कार्तिकात कमरेले लागते."

"लागू द्या. देवाचे काम आहे."

भाद्रपदात ती पुन्हा बोलली. आश्विनात पुन्हा. कार्तिकात झुडपे खरोखर कमरेला लागली, एकमेकांत गुंतली, शेंड्यापासून मुळापर्यंत कळ्यांनी भरली. तेव्हा तिने हात जोडले. मला वाटते, मी तिला हात जोडताना पाहिले ते तेवढेच.

"वरचं राहू द्या जी. खालची वीत तरी मोकळी करू द्या. पट्टा दिसत नाई."

"खालच्या फांदीलाही कळ्या आहेत, बाई."

"कळ्या हायेत. तुमी बी हाय ना?"

मी थोडा रागावलो. पन्नास वर्षे नित्यनेम केलेल्या माणसाला मरणाची भीती दाखवावी, हे मला रुचले नाही. मी म्हणालो, "ज्याची फुले आहेत तो राखील."

ती वळून कामाला लागली. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी यायच्या आधी ती बांबूची काठी घेऊन बागेत शिरू लागली. एकेक झुडूप काठीने झोडपायची, तोंडाने मोठमोठ्याने कोणाकोणाला शिव्या द्यायची आणि मी परडी घेऊन आलो की बाजूला होऊन म्हणायची, "घ्या आता, वेचा. तुमचं मौन, माझी बोंब."

हे काम तिला कोणी सांगितले नव्हते. त्यासाठी ती आपल्या वस्तीवरून अंधारातच निघत असेल, आणि ती वाटही बांध्यांमधून येते, हे माझ्या मनात आले नाही. आपण सगळेच असे असतो का, हे मला माहीत नाही. मी तसा होतो.

पौषात धानाचे भारे हलले, बांध्या मोकळ्या झाल्या आणि रानातली जनावरे गावाच्या कडेला आली. राइस मिलच्या मागे फिरणाऱ्या बिबटाची चित्रफीत गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरत होती. देवळाजवळची दोन कुत्री एका आठवड्यात नाहीशी झाली. ती मला म्हणाली, "चार दिवस उजाडल्यावर या." मी मान हलवली, पण वेळ बदलली नाही.

त्या पहाटे धुके होते. मी नेहमीपेक्षा लवकर पोहोचलो. ती आली नव्हती. पायरीवरून चपला दिसल्या नाहीत. पण गेले दोन महिने दाट पानांमुळे त्या तशाही दिसत नव्हत्या, म्हणून मला त्याचे काही वाटले नाही. मी चाफ्याखाली जाऊन वाकलो आणि फुले खुडू लागलो. परडी अर्धी झाली असेल, तेव्हा फाटकाची कडी वाजली.

"गुरुजी!"

मी हात वर करून ऐकल्याची खूण केली. ती फाटकाशीच खाली बसली असावी, कारण तिचा पुढचा आवाज जमिनीलगत आला.

"गुरुजी, बाहेर निंगा."

मी परडीकडे बोट दाखवले. अर्धी राहिली होती.

"बोलू नोका, पन निंगा ना जी. पाखरं गप्प हायेत."

खरे होते. बकुळीवर एकही पक्षी बोलत नव्हता. ते माझ्या लक्षात आले, तरी माझा हात पुढच्या फुलाकडे गेला. आज मी त्याला निष्ठा म्हणू शकत नाही. तो हट्ट होता, आणि मौनामुळे मला त्याचे उत्तर द्यावे लागत नव्हते, इतकेच.

तिने शिव्या दिल्या नाहीत, काठी आपटली नाही. हळूहळू चालत ती माझ्या आणि पुढच्या दाट झुडपाच्या मध्ये येऊन उभी राहिली. डाव्या हाताने तिने माझ्या उपरण्याला धरून मला मागे ओढले. एक पाऊल. दुसरे पाऊल. समोरची कोरांटी हलली. वारा नव्हता.

मी पाहिले ते फार थोडे. फुले उधळली, काहीतरी पिवळे तिच्या अंगावरून गेले, भिंतीवर पंजे घासल्याचा आवाज आला आणि मग काही नाही. ती बसली होती. काठीचा हात खांद्यापासून कोपरापर्यंत फाटला होता. मी ओरडलो. माझे मौन त्या दिवशी मोडले ते कोणत्याही देवाच्या नावाने नव्हे. "बाई, बाई" एवढेच माझ्या तोंडून निघत होते.

दवाखान्यात न्यायला आलेल्या जीपमध्ये ठेवेपर्यंत ती शुद्धीवर होती. उपरण्याने बांधलेल्या हाताकडे पाहून ती मला म्हणाली, "बोलले ना शेवटी."

त्याच दुपारी मंडळींची बैठक बसली. कोयते घेऊन चार माणसे दारात उभी होती. एक जण तावातावाने म्हणाला, "झुडपं लावाचीच काऊन? वनखात्यानं पत्रक वाटलं ना, घराजवळ झाडोरा नोका ठेवू म्हनून. त्या बाईनं जंगल करून ठेवलं देवळामागं. सारं उपटून टाका."

"जखमी झाली बिचारी, पन चूक तिचीच हाय," दुसरा म्हणाला.

ती बाग म्हणजे तिच्या कामाची एकुलती एक खूण होती, आणि ती स्वतः तिथे बोलायला नव्हती. मी उभा राहिलो. श्रावणापासूनचे सगळे मी क्रमाने सांगितले: तिने काय म्हटले, मी काय उत्तर दिले, कात्री किती वेळा थांबवली. वयाचा मान ठेवून माणसे खाली पाहत राहिली, आणि ते मला शिव्यांपेक्षा कठीण गेले.

"उपटायचे नाही," मी म्हणालो. "कापायचे. मी कापतो."

महाशिवरात्र अजून दूर होती आणि झुडपांवर लाखोली पुरी होईल इतक्या कळ्या होत्या. त्या सगळ्या मी माझ्या हाताने कापल्या. गुडघ्याच्या वर काही ठेवले नाही, खालची वीत मोकळी केली, आणि कळ्यांचे ढीग बकुळीच्या आळ्यांत घातले. संकल्प अपुरा राहिला. देवाला मी कारण सांगितले. त्याचे त्याने काय केले, हे मी विचारले नाही.

फाल्गुनात ती परत आली, हात गळ्यात बांधलेला. फाटकाशी थांबली. डावा तळवा टेकवून, कण्हत, तशीच वाकली. मी मागे उभा होतो, परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यासारखा.

"कोनी कापलं?"

"मी."

"कोनाच्या गुडघ्यानं?"

मी स्वतःच्या पायांकडे पाहिले. मी उंच माणूस; ती माझ्या खांद्यालाही लागत नसे.

"हा तुमचा गुडघा झाला जी. माझा चार बोटं खाली हाय. बसून काम करनाऱ्याचा गुडघा धराचा असते, उभ्यानं पाहनाऱ्याचा नाई." मग माझा चेहरा पाहून तिला हसू आले. "खालची वीत मात्र बराबर हाय. पास."

मी त्याच दिवशी झुडपे चार बोटे आणखी कापली. तिने आपल्या गुडघ्याला लावून काठीवर एक खाच करून दिली, म्हणजे पुन्हा चूक नको.

त्यानंतर दोन वर्षे ती आली. उजवा हात खांद्याच्या वर उचलत नसे. डाव्या हाताने ती छाटायची, वरच्या फांद्यांचे मी पाहायचो. त्या पहाटेचा विषय तिने कधी काढला नाही. मी एकदा काढू लागलो तेव्हा म्हणाली, "अबोलीले पानी घाला, गुरुजी." मग मुलगी तिला वडशाला आपल्या घरी घेऊन गेली. गेल्या पावसाळ्यात तिथूनच निरोप आला, आणि मी पोहोचलो तेव्हा सगळे आटोपले होते.

आता फाटकाशी मी बसतो. गुडघे वाजतात, पण बसतो. उजवा तळवा टेकवतो, मान तिरपी करतो. रस्त्याने जाणारी माणसे एकमेकांना सांगतात, गुरुजी या वयातही देवाला कसा नमस्कार करतात पाहा. मी त्यांना थांबवत नाही.

काल पहाटेही बसलो. कोरांटी खाचेइतकी होती. बकुळीच्या आळ्यात गळलेली फुले होती. काड्यांच्या पलीकडे चुन्याचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरा स्वच्छ दिसत होता. मी डावीकडून उजवीकडे पाहिले, आणि पुन्हा उजवीकडून डावीकडे पाहिले. तो कुठेही तुटलेला नव्हता.

बराच वेळ मी तसाच वाकून राहिलो. मग कडी काढली.