बाळाची धुरी आणि हवेचं मशीन

निखाऱ्यांवर ओवा पडला आणि कपाटाशेजारचं मशीन घरघरायला लागलं. त्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"हे काय आणलंस गं?" सावंतवहिनींनी सुनेला विचारलं.

"एअर प्युरिफायर. हवा साफ करतो," प्राजक्ता म्हणाली. "समोरची बिल्डिंग पाडतायत ना, आई. केवढी धूळ येते."

बोरिवलीच्या त्या घरी मी बाळ-बाळंतिणीच्या मालिशला जायची. बाळाची आंघोळ झाली की धुरी द्यायची, हा आमच्या कामाचाच भाग. शेगडीत निखारे घ्यायचे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची आणि त्या धुरावर बाळाला शेकायचं. सर्दी होत नाही म्हणतात. मीही तेच म्हणत आले.

या बाळाची छाती मात्र सारखी वाजायची. डॉक्टरांनी धूर बंद करायला सांगितला होता. प्राजक्ताने ते सासूला दोनदा सांगून पाहिलं. वहिनींचं उत्तर ठरलेलं. "माझी तीन पोरं धुरीवरच वाढली. तो डॉक्टर कालचा पोर." मी मध्ये पडले नाही. मला कामाला सासूने ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ओवा कमी टाकला. दिवा लाल. मग शेगडी किचनमध्ये नेली. तरी लाल. शेवटी वहिनी खुर्ची ओढून मशीनसमोरच बसल्या. शेगडी आत आणली की लाल, घराबाहेर जिन्यात ठेवली की थोड्या वेळाने हिरवा. त्यांनी मला चार वेळा आत-बाहेर करायला लावलं.

"कुणी शिकवून ठेवलंय का गं याला?"

"त्याला ना सासू, ना सून," मी म्हटलं. "ते कुणाची बाजू घेणार, वहिनी?"

वहिनी दिव्याकडे बघत बसल्या. बाळ खोकलं.

"उचल ती शेगडी. उद्यापासून नको."

निघताना प्राजक्ता लिफ्टपर्यंत आली. मी सरळ विचारलं, "मशीन खरंच धुळीसाठी आणलंस?"

"धूळ आहेच, मावशी. पण धुळीला खिडकी लावून घेता येते. आईंना काय करू?"

पुढे बाळाची छाती वाजायची थांबली. धूर बंद झाला म्हणून की मशीनमुळे, ते मला सांगता येणार नाही. आता नव्या घरी गेले आणि बाळंतिणीच्या खोलीत मशीन दिसलं, तर मी शेगडी मागत नाही. सासूने मागितली, तर तिला आधी मशीनसमोर बसवते.