मिशी, मुखवटा आणि उघडे दार

श्रीधरपंत आगवेकर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्यांचे तोंड मला दिसलेच नाही. त्यांनी ते सुपाने झाकले होते.

ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या आपल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी त्यांची व्याख्याने होत. विषय होता ग्रीसपासून आजपर्यंतच्या पाश्चात्त्य रंगभूमीचा इतिहास. कॉलेजात ते इंग्रजी शिकवीत. ही व्याख्याने मात्र मराठीत असत आणि कुणीही येऊन बसावे अशी होती. मी तोवर शाळेचे तोंड पाहिले नव्हते. माझे वडील सचिवालयात कारकून होते. अक्षरे, हिशेब, थोडे इंग्रजी, सगळे त्यांनीच मला घरी शिकवले. त्या रविवारी ते मला हॉलमध्ये घेऊन आले, आणि पाहते तो कोट-टोपीतले एक भारदस्त गृहस्थ धान्य पाखडायचे सूप तोंडापुढे धरून उभे!

सुपामागून आवाज आला, "सांगा, मी हसतो आहे की रडतो आहे?"

मी वडिलांचा हात घट्ट धरला. मग सूप होते तसेच राहिले आणि पंतांचे खांदे हळूहळू खचले. शब्द एकही नाही. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सूप खाली आले तेव्हा भरघोस काळ्या मिशीखाली पंत चक्क हसत होते.

"ग्रीक नट मुखवटा घालून उभा राही," ते म्हणाले. "डोंगराच्या उतारावर हजारो माणसे बसलेली. चेहरा दिसणार कुणाला? म्हणून तो खांद्यांनी रडे."

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा सगळ्यांना किला गेटपाशी नेले, किल्ल्याच्या उतारावर पायऱ्यांसारखे बसवले आणि खालून साध्या आवाजात बोलून दाखवले. शेवटच्या माणसालाही ऐकू गेले. पंतांचे शिकवणे असे होते. आधी धक्का द्यायचा, अर्थ मागून सांगायचा.

तेव्हाचे सरकार कसे चालत असे ते आजच्या तरुण वाचकांना सांगितलेले बरे. आपले संस्थान इतरांबरोबर विलीन होऊन मध्य भारत हे राज्य झाले, पण राजधानी कुठे यावर ग्वाल्हेर आणि इंदूर यांचे एकमत होईना. म्हणून हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असे ठरले. फायलींच्या पेट्या आल्या की कारकून येत, पेट्या गेल्या की जात. आपल्या मंडळाचे निम्मे नट, निम्मे श्रोते कारकूनच. त्यामुळे ग्रीस आणि रोम त्यांनी ऐकले, आणि इंदूरहून ते परत आले तेव्हा पंत थेट इंग्लंडच्या राणीच्या काळात पोहोचलेले. बापूराव फाटक म्हणत, "सर, आमचं सगळं मध्ययुग इंदूरला राहून गेलं हो!"

बापूराव सचिवालयात टंकलेखक होते आणि मंडळाच्या नाटकांत स्त्रियांची कामे करीत.

पंतांनी ही थट्टा थट्टेवारी नेली नाही. परतलेल्या चार कारकुनांना त्यांनी इंदरगंजातल्या आपल्या घरी बोलावले आणि राहिलेली सगळी व्याख्याने पुन्हा दिली. वडिलांबरोबर मीही जात असे. देवळातले धर्मनाट्य देवळाबाहेर कसे आले, मग गाड्यांवर चढून चौकाचौकांतून कसे फिरले, हे त्यांनी पाटाखाली लाटणी घालून, पाट जमिनीवरून ढकलत दाखवले. लाटणी त्यांच्या मातोश्रींची, माईंची. "पोळ्या कशानं लाटू रे आता?" असे माई दर वेळी आतून विचारीत आणि दर वेळी चिवडा घेऊन बाहेर येत. चार माणसांसाठी घसा कोरडा करणारा प्राध्यापक मी दुसरा पाहिलेला नाही.

इंग्लंडात स्त्रियांची कामे कोवळे मुलगे करीत, आणि मग एके दिवशी खरी बाई रंगमंचावर उभी राहिली, हे व्याख्यान मला विशेष आठवते. "लोकांनी हुर्यो उडवली," पंत म्हणाले, "आणि ती उभी राहिली." एवढेच म्हणून ते थांबले. घरी येईपर्यंत मी ते वाक्य मनात घोळवीत होते.

मग राज्यांची पुनर्रचना आली. मध्य भारतच उरणार नाही, नव्या राज्याची राजधानी भोपाळला, आणि या वेळी पेट्या गेल्या की परत येणार नाहीत, हे कळले तेव्हा आपल्या वस्तीत सुतक पडल्यासारखे झाले. वडिलांनाही हुकूम आला. जाण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून एक शेवटचे नाटक करायचे ठरले. पंतांनी ते स्वतः लिहिले. सगळे नाटक एका खोलीत घडते. मुलगे एकेक करून नोकरीसाठी घर सोडतात आणि आई मागे राहते. आईचे काम अर्थातच बापूरावांचे. मी पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग करीत असे. चूक होईल या भीतीने मी सगळे नाटकच पाठ केले होते.

प्रयोग आठवड्यावर आला आणि बापूरावांना तातडीने भोपाळला हजर होण्याचा हुकूम निघाला. ते तालमीला आले ते हात जोडतच. "मी निघाले सासरी. आता दुसरी सून बघा!"

सगळे हसले, पण पंत हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी आले आणि वडिलांना म्हणाले, "रामभाऊ, सुमनने आईचे काम करावे अशी माझी विनंती आहे."

मी दाराआड होते. असे काही मला कुणी विचारील हे स्वप्नातही आले नव्हते, आणि विचारताक्षणी मला दुसरे काहीच नको होते.

वडिलांनी चहाचा कप पंतांपुढे सरकवला. मग म्हणाले, "सर, तुम्ही सांगता ते इंग्लंडचं. हे दौलतगंज आहे. हिच्या लग्नाचं बोलणं चाललंय."

"बरोबर आहे तुमचं," पंत म्हणाले, आणि चहा घेऊन निघून गेले.

मी थक्क झाले. हुर्योसमोर उभ्या राहिलेल्या त्या बाईविषयी आम्हाला सांगणारे पंत एका वाक्यात माघार घेतात? त्यांनी वाद घालावा, वडिलांना गप्प करावे, असे मला वाटत होते. माझी संधी त्यांनी चहाच्या कपाबरोबर खाली ठेवून दिली असे वाटले.

दोनच दिवसांनी सकाळी बातमी आली, "पंतांनी मिशी काढली!"

आपल्याकडे एवढे पुरे असते. आई किंवा वडील गेल्याखेरीज असा माणूस मिशी उतरवीत नाही. पंतांचे वडील कधीच गेलेले. म्हणजे माई! चार घरांतली माणसे हातातले काम टाकून निघाली. आम्हीही निघालो. माझी आई वाटभर रडत होती, "परवाच तर चिवडा दिला हो त्यांनी मला." जिन्यावर गर्दी झाली. पुढे माझे वडील होते. त्यांनी कडी वाजवली.

दार माईंनी उघडले.

माईंनी आमच्या उतरलेल्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि घाबऱ्या आवाजात विचारले, "कोण गेलं रे?"

मागून शेजारचे शर्माजी म्हणाले, "कोई नहीं, माई, कोई नहीं गया."

तेवढ्यात पंत बाहेर आले. वरचा ओठ उघडा पडलेला, पांढुरका. त्यांचा चेहरा इतका अनोळखी दिसत होता की मला भीतीच वाटली.

"पंत, हे काय?" वडील म्हणाले.

"आईचं काम मी करतो आहे," पंत शांतपणे म्हणाले. "मुखवट्याचा काळ गेला. कोवळ्या पोरांचाही गेला. नाटक आजच्या घरातलं आहे, त्यात मिशीवाली आई कशी चालेल?"

"पण मला पुन्हा एकदा विचारायचं होतंत."

"एकदा विचारलं होतं, रामभाऊ. तुम्ही नाही म्हणालात. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे गळ घालणं. मिशी महिनाभरात येते. मुलीविषयी गाव एकदा बोललं की ते साबणानं जात नाही."

वडील जिन्यावर मागे वळले आणि त्यांनी मला गर्दीतून पुढे घेतले. "सुमन, आईचं काम येतं तुला?"

"येतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग पंत, मिशी वाढवायला घ्या."

"आणि मला मारलंत ते?" माई म्हणाल्या. तेव्हा कुठे जिन्यावरची माणसे हसली.

प्रयोगाच्या दिवशी मी रंगमंचावर आले आणि मागून कुणीतरी शीळ घातली. दुसरी आली. मी गोठले. वाक्य मला आठवत होते, पण तोंडातून आवाज निघेना. विंगेत माझ्या जागी प्रॉम्प्टिंगला पंत बसले होते. त्यांनी वाक्य सांगितले नाही. हळूच एकच शब्द म्हटला, "खांदे."

मी खांदे सोडले. शीळ थांबली. पुढचे मला नीट आठवत नाही. वडील सांगतात की शेवटी धाकटा मुलगा "कुलूप लावू का?" असे विचारतो आणि आई "दार उघडंच राहू दे" म्हणते, तेव्हा हॉलमध्ये खोकलासुद्धा ऐकू आला नाही. जाणाऱ्यांच्या पेट्या घरोघर बांधून तयार होत्या, हेही त्याचे कारण असेल.

ते लग्नाचे बोलणे मोडले. हे मी लपवीत नाही, कारण पंतांची भीती खोटी नव्हती. वडिलांनी त्याबद्दल मला आजवर एक शब्द ऐकवलेला नाही. पंत मात्र ते कळताच आमच्या भोपाळच्या नव्या घरी आले, आणि मी पुढे शिकावे म्हणून वडिलांशी बोलले. एकदाच. या वेळी वडील हो म्हणाले. आज मी मुलींच्या शाळेत शिकवते, ते त्यामुळे.

पुनर्रचनेने आमचा व्याख्यानांचा क्रम आधुनिक काळाच्या उंबरठ्यावर तोडला होता. पंत सुट्टीत भोपाळला येतात आणि बापूरावांच्या दोन खोल्यांत बसून तो पुरा करतात. मध्ययुग आम्हाला इंदरगंजात मिळाले, आधुनिक काळ भोपाळात. माई घरूनच चिवडा पाठवतात.

या लेखातला प्रत्येक प्रसंग मी वडिलांना वाचून दाखवला आहे. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, की मिशी पूर्वीसारखी काळी परत आली नाही. ते खरे आहे. ती पांढरी आली, आणि पंतांना शोभते.

शेवटची इच्छा लिहिताना हात अडखळतो, कारण पंतांच्या या गौरवग्रंथात अशुभ शब्द येऊ नयेत. संपादकांना योग्य वाटले नाही तर त्यांनी खुशाल काढावी. माझी प्रार्थना अशी आहे, की आपल्या माणसांनी इंदरगंजातल्या त्या जिन्यावर पुढेही पुष्कळ वर्षे चुकीच्याच बातमीने धावत जावे, कडी वाजवावी, आणि दार माईंनी नाहीतर पंतांनी स्वतः उघडून विचारावे, "कोण गेलं रे?"