आधी पान बघायचं

आमचे हे, त्र्यंबकराव, तीस वर्षं शेतकी खात्याच्या माती प्रयोगशाळेत होते. रिटायर झाल्यावर डोंबिवलीत अख्ख्या सोसायटीचे डॉक्टर झाले, झाडांचे. लोक कुंडीतलं पिवळं पान घेऊन दारात उभे. ह्यांची रीत एकच: रोप कसलं ते विचारायचं नाही, आधी पान बघायचं. "खालची पिवळी पडतायत? मग नत्र कमी. वरची असतील तर लोह." वर आलेल्याला चहा. तो अर्थात मी करायचा.

मग फोनमध्ये ॲप आलं. फोटो काढा, रोग ओळखा. तीन वर्षं बेल वाजवली ती फक्त दूधवाल्याने. हे आपले भिंग पुसून ठेवायचे, परत काढून पुसायचे. मी वैतागून म्हणायचे, "पुरे आता ते, कोण येतंय?"

गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा सलिल आला. घोडबंदर रोडला एकटाच राहतो, आयटीत. कागदात एक लांबट, दातेरी पान. "काका, बाल्कनीतलं झाड सुकतंय, बघा ना जरा." ह्यांचा चेहरा असा खुलला की मी शिऱ्याला रवा काढला. पुढे रोज फोटो यायचे आणि हे फोनवर बोलून पाठवायचे: मॅग्नेशियम कमी पडतंय, पाणी किती घालतोस, लाडाने मारशील रे त्याला.

झाड जगलं. पोलिसांनी ते सलिलच्या बेडरूममधून काढलं तेव्हा छातीएवढं झालेलं. गांजा. त्याच्या फोनमधले ह्यांचे निरोप चौकीत सगळ्यांसमोर लावले. "वा पठ्ठ्या, आता कशी पालवी फुटली!" माझ्या नवऱ्याचा आवाज, आणि हवालदार हसतायत.

"रोप ओळखता आलं नाही," असा जबाब देऊन हे सुटले. सलिलला जामीन मिळाला. बहिणीने उलट मलाच सुनावलं, मोठ्या माणसाला कळायला नको? चेअरमन लिफ्टमध्ये तोंड फिरवतो. त्याची जास्वंद ह्यांनी दोनदा वाचवलेली, मेल्याची.

घरी आल्यावर मी विचारलं, "अहो, जन्मभर पानं बघितलीत. खरंच ओळखलं नाहीत?"

"पहिल्याच दिवशी ओळखलेलं."

"मग?"

"विचारायला आलेलं ना गं कोणीतरी."

माझा असा संताप झाला की मी हातातलं पातेलं आदळलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. तिथे आमची तुळस. खालची पानं महिनाभर पिवळी होती. मी परस्पर नर्सरीतून खत आणून घालत होते.