तोंडचं पाणी

बीकर मीच ओतलं, हे आधी कबूल करतो. बारावीच्या प्रॅक्टिकलची सकाळ. बेसिनशेजारी एका बीकरमध्ये गढूळ, फेसाळ पाणी दिसलं. कोणीतरी ब्रश धुतले असतील, असं मला वाटलं. आदल्याच दिवशी आमच्या उपप्राचार्यांनी स्वच्छतेवर भाषण दिलं होतं, आणि कधी नव्हे तो त्याचा परिणाम माझ्यावर झाला होता. बीकर ओतलं, विसळलं, पालथं घातलं.

मागे सीताराम उभे होते.

"सर, पावणेसातपासून थुंकत होतो मी."

सीताराम म्हणजे आमच्या डोंबिवलीच्या ज्युनिअर कॉलेजचे लॅब अटेंडंट. एकतीस वर्षं कळव्याहून येतात. लाळ पचन कसं करते ते दाखवायचा एक प्रयोग असतो. पिठाच्या पाण्यात आयोडीन टाकलं की ते निळं होतं. आधी लाळ घालून थोडं थांबलं, तर निळं होत नाही. लाळ खरं तर मुलांनी स्वतःची काढायची. पण परीक्षेच्या धास्तीने मुलांची तोंडं अशी कोरडी पडतात की स्वतःचा सीट नंबरही नीट उच्चारता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं सीतारामच आपली लाळ गाळून, पाणी घालून तयार ठेवतात. आज दवाखान्यात बसून लोकांची पोटं दाबणारे आमचे कितीतरी विद्यार्थी या माणसाच्या थुंकीवर पास झालेत. तोंडात अन्नाचा कण नको म्हणून सीताराम त्या दिवशी सकाळपासून चहासुद्धा घेत नाहीत. पचनाचा प्रयोग, तोही उपाशीपोटी.

अकराला ठाण्याच्या मैथिली मॅडम परीक्षक म्हणून येणार होत्या. परीक्षानळीतलं पाणी निळं झालं की मॅडम मुलांचे मार्क कापतात. नळीत काय कमी होतं, ते विचारत नाहीत. वीस मुलं होती, आणि घड्याळात सव्वादहा.

सीतारामनी चुळा भरल्या, स्टूल ओढलं, बीकर हनुवटीखाली धरलं. पाच मिनिटांत तळ जेमतेम ओला झाला.

"बीपीची गोळी चालू झाल्यापासून तोंड सुकतं हो. पूर्वी लिंबू नुसतं आठवलं तरी भागायचं. शकू म्हणते, सगळी ओल कॉलेजात सांडून येता, घरी तोंडातून शब्द निघत नाही." शकू म्हणजे त्यांची बायको.

"चिंच आणू?"

"तोंडात नको, आंबटाने काम बिघडतं. नुसतं बोला चिंचेबद्दल."

बोलायचं काम मला जमतं. मी सुरू झालो.

सीताराम ऐकता ऐकता दुसऱ्या प्रयोगाच्या मागे लागले. कुंडीतल्या तेरड्याच्या फांद्या बादलीतल्या पाण्यात बुडवून कापायच्या आणि लाल शाईच्या पाण्यात उभ्या करायच्या.

"हवेतच कापलं तर?" मी शिक्षक असून विचारलं.

"नळीत हवा शिरते, मग पाणी चढत नाही. आमच्या चौथ्या मजल्यासारखं." त्यांनी फांदी उजेडात धरली. देठात लाल रेघ बोटभर वर आली होती. "पंप नाही, काही नाही. वर पानं सुकतात, म्हणून खालून पाणी ओढलं जातं. माझं उलटं. सुकतंय, आणि येत काहीच नाही."

असं म्हणून ते परत स्टुलावर बसले. खांदे पडलेले, डोळे अर्धे मिटलेले. खुंटीवरच्या पिशवीत भाकरीचा डबा होता. तिकडे त्यांनी एकदाच पाहिलं.

मी जोर लावला. स्टेशनबाहेरची पाणीपुरी सांगितली, तिखटमीठ लावलेली कैरी सांगितली, बोरं सांगितली. आवळ्यापर्यंत येता येता माझ्याच तोंडाला एवढं पाणी सुटलं की दर वाक्याला आवंढा गिळावा लागत होता.

अकराला दहा कमी. बीकरमध्ये दहा-बारा मुलांपुरतं असेल. बाहेर उपप्राचार्यांचं "या मॅडम, या" ऐकू आलं.

"सीताराम, आता हो काय करायचं?" मी आणखी एक घोट गिळून विचारलं.

त्यांनी बीकर माझ्या हनुवटीखाली आणून धरलं.

"गिळू नका. थुंका."